यंत्र थांबले म्हणजे बंद झाले असे नाही

(कोलकाता येथे भरलेल्या सुरक्षा प्रशिक्षण वर्गात महाराष्ट्रातील रेल्वे व टपाल प्रतिनिधींसमोर केलेल्या मराठी भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष महाशय, आणि गीतांजलीने, मुंबई मेलने, कोणी बसून तर कोणी अर्ध्या बर्थवर झोपून येथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

या शहरात मराठी माणसाने उभे राहून बोलायचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपले घोडेस्वार इकडे येत, तेव्हा आपल्या नावाने येथल्या आया मुलांना झोपवीत असत. कलकत्तेकरांनी १७४२ साली आपल्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्या मराठा खंदकाचे नाव इतिहासात राहून गेले. पुढे बंगाल नागपूर रेल्वे आली आणि नागपूर व हावडा एकाच रुळाने जोडले गेले. तेव्हापासून आपले येणेजाणे बिनघोड्याचे आहे. म्हणून भिऊ नका, मी येथे चौथाई मागायला आलेलो नाही.

मला विषय दिला आहे तो यंत्रमानव आणि कामगारांचे आरोग्य व सुरक्षितता. विषय वाचून तुमच्यापैकी काही जण गालात हसले, ते मी पाहिले. आमच्या यार्डात साधा टॉर्च वेळेवर मिळत नाही, आमच्या आरएमएसच्या हॉलमधले पंखे बंद आहेत, आणि हे आम्हाला यंत्रमानवाच्या गोष्टी सांगणार! तुमचे हसणे बरोबर आहे. पण यंत्रमानव म्हणजे सिनेमातला दोन पायांवर चालणारा पत्र्याचा माणूस, एवढेच डोक्यात ठेवले तर आपण फसू. जे यंत्र माणसाने हात न लावता, दूरवरून आलेल्या किंवा त्याच्या पोटातच भरून ठेवलेल्या हुकमाने हलते, ते आपल्या दृष्टीने यंत्रमानवाच्याच कुळातले. आणि या कुळाशी तुमची-माझी सोयरीक फार जुनी आहे.

मी सिग्नल खात्यातला माणूस. खलाशी म्हणून लागलो, मेंटेनर होऊन निवृत्त झालो. माझ्या पाहण्यातला पहिला यंत्रमानव म्हणजे मोटार पॉइंट.

टपालातल्या मंडळींसाठी थोडे समजावून सांगतो. रूळ जेथे दोन वाटांना फुटतो तेथे जिभेसारखी दोन निमुळती पाती असतात. पूर्वी केबिनमधला माणूस लिव्हर ओढी आणि लांबलचक लोखंडी रॉडने ती पाती सरकत. ओढणाऱ्याला जोर लागे. रॉड खडखडत. पॉइंटपाशी ग्रीस लावत बसलेल्या माणसाच्या कानावर तो आवाज आधी पडे आणि तो हात मागे घेई. मग मोटार आली. पॅनेलवर बटण दाबले की अर्ध्या-एक किलोमीटरवरचे पाते चार-पाच सेकंदांत सरकते आणि कुलूपबंद होते. बटण दाबणाऱ्याला पॉइंटवर कोण बसले आहे ते दिसत नाही. पॉइंटवर बसलेल्याला बटण दाबल्याचे कळत नाही. दोघेही चांगले, दोघेही आपापल्या कामात, आणि मधे एक यंत्र.

एका मोठ्या यार्डात, नाव सांगत नाही, माझ्या हाताखालच्या खलाशाची उजव्या हाताची तीन बोटे अशी गेली. रात्रीची पाळी, पाऊस. पॉइंट नीट बसत नव्हता, पात्याखाली खडी अडकली असावी. नियम काय? डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, ट्रॅफिकने तो स्वीकारायचा, मग हात घालायचा. पण गाडी होम सिग्नलला उभी होती, फोनवर फोन येत होते. मेमो दिला की गाडी थांबल्याचा दोष आपल्या खात्यावर. खलाशी म्हणाला, दादा, एक खडा तर आहे, काढतो. त्याने हात घातला, आणि त्याच वेळी तिकडे पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा म्हणून बटण दाबले गेले.

चौकशी झाली. निष्कर्ष काय निघाला? खलाशाने क्रँक हँडल घातला नव्हता. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोटारीच्या पेटीत क्रँक हँडल घातला की आतला संपर्क तुटतो, मोटारीची वीज जाते, मग तिकडे कोणी कितीही बटणे दाबोत, पाते हलत नाही. फार सुंदर सोय आहे. करणाऱ्याला नमस्कार. पण तो हँडल होता कोठे? स्टेशनात, कुलपात. आणायचा तर पावसात तेवढे अंतर जायचे, वहीत नोंद करायची, सही घ्यायची, आणि "आत्ता नको, ही गाडी जाऊ द्या" हे ऐकून परत यायचे. चौकशीच्या कागदात या वाटेचा उल्लेख नव्हता. यंत्र निर्दोष, नियम निर्दोष, बोटे तेवढी चुकली.

ही हकीकत मी एवढ्यासाठी सांगितली की जगात यंत्रमानवांच्या हातून जे मृत्यू झाले, त्यांची कागदपत्रे वाचताना मला प्रत्येक वेळी तोच पॉइंट आठवतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक येथे फोर्ड कंपनीचा ओतकामाचा कारखाना होता. तेथे मालाच्या उंच मांडण्यांमधून सुटे भाग काढून आणणारे स्वयंचलित यंत्र होते. २५ जानेवारी १९७९ रोजी यंत्र मालाचा हिशेब चुकीचा दाखवू लागले, म्हणून एका तरुण कामगाराला मांडणीवर चढून भाग काढायला पाठवले. यंत्र बंद केलेले नव्हते. त्याचा हात मागून आला आणि कामगाराच्या डोक्यावर बसला. यंत्रमानवाच्या हातून झालेला हा जगातला पहिला नोंदलेला मृत्यू. पुढे १९८३ साली ज्यूरीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितले, आणि तीही यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून.

दुसरा, जपानमधील आकाशी येथे, कावासाकीच्या कारखान्यात, जुलै १९८१. दुरुस्ती करणारा कामगार. यंत्रमानवाभोवती कुंपण होते, त्याचे दार उघडले की वीज बंद होणार अशी व्यवस्था होती. तो दारातून न जाता कुंपण ओलांडून आत गेला आणि चालू यंत्राच्या तावडीत सापडला. तिसरा आपल्याच देशात, हरियानातील मानेसर येथे, ऑगस्ट २०१५. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जागेवरून सरकलेला पत्रा नीट करायला चोवीस वर्षांचा एक कामगार जवळ गेला आणि वेल्डिंग करणाऱ्या यंत्रमानवाने त्याला भोसकले. चौथा दक्षिण कोरियात, नोव्हेंबर २०२३. तेथे भाजीच्या पेट्या उचलून पट्ट्यावर ठेवणारे यंत्र होते. त्याचा सेन्सर तपासायला आलेल्या माणसालाच त्याने ढोबळ्या मिरचीची पेटी समजून उचलले आणि दाबून टाकले.

या चारही गोष्टींत काय समान आहे ते पाहा. नेहमीचे उत्पादन नेहमीसारखे चालू असताना कोणी मेले नाही. काहीतरी अडकले होते, सरकले होते, बिघडले होते, तपासायचे होते. माणूस ते सोडवायला आत गेला. आणि प्रत्येक वेळी यंत्रात वीज होती.

म्हणून यंत्रमानवाच्या बाबतीत पहिला धडा हाच, की यंत्र थांबले म्हणजे बंद झाले असे नाही. साधे यंत्र थांबले तर आपण समजतो बंद पडले. यंत्रमानव थांबतो तो पुष्कळदा पुढच्या हुकमाची वाट पाहत असतो. आपल्यातल्या ओएचईच्या लोकांना हे सांगायला नको. तार शांतच दिसते, तिच्यात पंचवीस हजार व्होल्ट आहेत की नाही हे डोळ्याला कळत नाही. म्हणून पॉवर ब्लॉक, लेखी परमिट आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंग, एवढे झाल्याशिवाय शहाणा लाइनमन तारेला हात लावत नाही. नवे यंत्र, मग ते वर्कशॉपमधले वेल्डिंगचे असो की टपालाच्या हॉलमधले सॉर्टिंगचे, त्याला आपण तारेसारखेच वागवले पाहिजे. वीज तोडायची, तोडलेल्या जागी कुलूप घालायचे, आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात चावी राहायची. सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात ती ठेवून चालणार नाही.

आता टपालाकडे वळतो, कारण रेल्वेवाला बोलायला लागला की टपालवाल्यांना सॉर्टिंग सेक्शनमधून डबा कापल्यासारखे वाटते.

टपालातल्या स्वयंचलनाचा पाया एका मराठी माणसाने घातला. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित, कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या कल्पनेतून. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, न लागणारे अक्षर, यातून सॉर्टरची सुटका व्हावी हा हेतू होता, आणि ती झालीही. पण सहा आकड्यांत गाव बसले, तेव्हाच यंत्राला पत्ता वाचायची वाट मोकळी झाली. मुंबईत १९९३ साली आणि मद्रासला १९९६ साली, म्हणजे ते चेन्नई झाले त्याच वर्षी, पत्रे वाचून वाटणारी यंत्रे बसली. दिल्लीला आणि येथे कोलकात्याला ती २०१२ साली आली. तासाला तीस हजारांहून अधिक पत्रे वाटण्याची त्यांची क्षमता सांगितली गेली.

हाताने सॉर्टिंग करणे म्हणजे स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. पिजनहोलसमोर रात्रभर उभे राहून पायाच्या शिरा फुगलेले, बॅगांच्या धुळीने दम्याला लागलेले, चाळीस वॉटच्या दिव्याखाली डोळे घालवलेले सॉर्टर मी पाहिले आहेत. आमच्या घरासमोर एक आरएमएसचे काका राहत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते पहाटे तीनला उठून बसत, झोप येतच नसे. तेव्हा यंत्राने ते काम घेतले तर वाईट वाटायचे कारण नाही. प्रश्न असा की यंत्राने माणसाकडे काय शिल्लक ठेवले.

शिल्लक राहिले ते पत्रे सरळ करून यंत्राच्या तोंडाशी सारखी भरणे, अडकलेले सोडवणे, भरलेले ट्रे उचलणे, आणि यंत्राला जे वाचता आले नाही ते वाचून टंकणे. म्हणजे विचार करण्याचा भाग यंत्राकडे गेला आणि खांदा, कंबर, मनगट यांचा भाग आपल्याकडे उरला. अमेरिकेच्या टपाल खात्यात जुनी अर्धस्वयंचलित यंत्रे होती, त्यांच्यासमोर एका ओळीत ऑपरेटर बसत आणि यंत्र प्रत्येकासमोर मिनिटाला साठ पत्रे आणून धरी. एका सेकंदाला एक पत्र. पत्ता वाचायचा, कळा दाबायच्या, पुढचे. शिंक आली तरी पत्र थांबत नसे. असे काम वर्षानुवर्षे केल्यावर मनगटाच्या नसा आखडतात, रात्री बोटे बधिर होऊन जाग येते. हातात जखम दिसत नाही, म्हणून अपघाताच्या वहीत नोंद होत नाही, म्हणून रजा मागितली की डॉक्टर क्रोसिन देतात. तुमच्यापैकी काउंटरवर संगणकासमोर बसणाऱ्या भगिनींनी आत्ता आपोआप मनगट चोळले, ते मला दिसले.

पण टपालाच्या यंत्राची सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे.

२००१ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेत कोणीतरी पाकिटांत अँथ्रॅक्सची पूड घालून ती पोस्टाने पाठवली. आपल्याकडे गुरांना होतो तो काळपुळीचा रोग, त्याचेच जंतू. एक पाकीट १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कार्यालयात उघडले गेले. तेथल्या कर्मचाऱ्यांची ताबडतोब तपासणी झाली, औषधे सुरू झाली. फार योग्य झाले. पण ते पाकीट तेथे पोचले कसे? ब्रेंटवुड नावाच्या मोठ्या सॉर्टिंग केंद्रातून. तेथले कामगार मात्र कामावरच होते. तज्ज्ञांचे मत असे होते की पाकीट बंद असताना त्यातून जंतू बाहेर येणार नाहीत, ज्याने उघडले त्यालाच धोका.

हे मत ज्यांनी दिले ते मूर्ख नव्हते. पण सॉर्टिंगच्या यंत्रात पाकिटाचे काय होते हे त्यांनी तेथे उभे राहणाऱ्याला विचारले नव्हते. यंत्र पाकीट रुळांमध्ये आणि पट्ट्यांमध्ये दाबून प्रचंड वेगाने पुढे फेकते. पाकीट भात्यासारखे दाबले जाते आणि कागदाच्या बारीक छिद्रांतून आतली पूड बाहेर पडते. वरून आणखी एक गोष्ट. यंत्रात साठलेली कागदाची धूळ काढण्यासाठी दाबाची हवा मारून ते साफ करायची पद्धत होती. त्या हवेने पूड साऱ्या हॉलमध्ये उडाली. केंद्र बंद झाले ते २१ ऑक्टोबरला. तोवर उशीर झाला होता. ब्रेंटवुडचे दोन टपाल कामगार २१ आणि २२ तारखेला गेले. या साऱ्या प्रकरणात देशभरात पाच माणसे मेली, त्यांतले हे दोघे. त्यानंतर दाबाच्या हवेने यंत्र साफ करणे बंद झाले, शोषून घेणारे पंप आले, हवेतले जंतू ओळखणारी उपकरणे बसली.

अँथ्रॅक्स आपल्याकडे येईल म्हणून मी हे सांगत नाही. पण कागदाची धूळ रोज येते. बॅगांची धूळ रोज येते. आणि फुंकून साफ करण्याची सवय आपल्याकडे पोस्टात आहे, लोको शेडमध्ये आहे, कोचिंग डेपोत आहे. ट्रॅक्शन मोटारीतली धूळ हवेच्या पाइपने उडवणारा खलाशी तोंडाला गमछा बांधतो, हे त्याचे सुरक्षा साधन. त्या धुळीत काय आहे हे आपण कधी तपासून मागितले? मी माझ्या नोकरीत एकदाही मागितले नाही. आज कबूल करतो.

कोलकात्यात आलो आहोत तर येथल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने येथल्या इलाको हाउस या इमारतीत मोठा संगणक बसवायचे ठरवले. कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला आणि तो बसू दिला नाही. विमा कर्मचाऱ्यांच्या चळवळीत ती कहाणी अजून सांगतात. प्रश्न नोकऱ्यांचा होता, आणि तो खरा होता. पुढे केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. त्या समितीचा अहवाल आला १९७२ साली, पिनकोडच्याच वर्षी. त्या पिढीने "यंत्र येऊ द्यायचे की नाही" हा प्रश्न लढवला. माझे स्वतःचे मत, फेडरेशनचे नव्हे, असे की त्या लढाईच्या धामधुमीत "आले तर कोणत्या अटीवर" हा प्रश्न मागे राहिला. यंत्रे शेवटी आलीच, आणि आली ती त्यांच्या अटींवर.

दुसरी गोष्ट अलीकडची आणि दुःखाची. १३ जुलै २०१९, पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशन. नव्या गाडीचा दरवाजा बंद होताना एका वयस्कर प्रवाशाचा हात त्यात अडकला. दरवाज्यात काही अडकले तर तो पुन्हा उघडावा आणि गाडी सुटू नये अशी यंत्रणा होती. पण तिला तो हात जाणवला नाही. गाडी सुटली, माणूस फरफटत गेला आणि मेला. ज्याच्या घरचे गेले त्याच्या दुःखापुढे आपले बोलणे काहीच नाही. पण कामगार म्हणून पुढची गोष्ट ध्यानात घ्या. मोटरमन आणि गार्ड, दोघे निलंबित झाले. त्यांनी पाहायला हवे होते की नाही याचा विचार जरूर व्हावा. पण "यंत्रच दरवाजा पाहते, तुम्ही इंडिकेटर पाहा" असे शिकवून माणसाची नजर आधी दरवाज्यावरून काढायची, आणि यंत्र चुकले की नजर का नव्हती म्हणून विचारायचे, ही जी रीत आहे ती पुढे जिथे जिथे यंत्रमानव येईल तिथे तिथे आपल्या वाट्याला येणार आहे.

म्हणजे मग नागपूरच्या उस्तादकडे यावे लागते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाच्या यांत्रिक शाखेने २०२० साली एक छोटा चाकांचा यंत्रमानव बनवला, त्याचे नाव उस्ताद. तो डब्याखाली जातो, कॅमेऱ्याने बोगी, ब्रेक, स्प्रिंग यांची चित्रे घेतो आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दाखवतो. आपल्याच खात्यातल्या लोकांनी बनवलेला आहे, त्याचे कौतुक केले पाहिजे. त्याच वर्षी पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाने कॅप्टन अर्जुन उभा केला, करोनाच्या काळात प्रवाशांचे तापमान पाहायला. जवानाला प्रत्येकाच्या तोंडाजवळ जावे लागू नये म्हणून. हेही चांगलेच. केरळमधल्या तरुणांनी २०१८ साली गटारात उतरणारा बँडिकूट बनवला, त्याला तर मी यंत्र म्हणण्याऐवजी उपकारकर्ता म्हणेन. जिथे माणसाने जाऊच नये तिथे यंत्राने जावे. याला विरोध करणारी संघटना मी पाहिलेली नाही.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात पाच-एक वर्षांत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेल्याचा आकडा आहे. जखमी याच्या कितीतरी पट. ट्रॅकमन, शंटिंगवाले, खलाशी. गाडीचा आवाज न आल्याने, धुक्यात, वळणावर. येणाऱ्या गाडीची खबर गँगला देणारे साधे उपकरण प्रत्येक हातात असते तर यातली किती माणसे आज पेन्शन घेत असती! तेव्हा यंत्र नको अशी माझी भूमिका नाही. उलट यंत्र जिथे आधी यायला हवे होते तिथे ते शेवटी येते, ही माझी तक्रार आहे.

पण उस्तादच्या बाबतीत मी सी अँड डब्ल्यूच्या फिटर मित्राला विचारले, तेव्हा त्याने फार चांगला प्रश्न केला. तो म्हणाला, भाऊ, मी पिटमध्ये उतरतो तेव्हा मान दुखते, गुडघे गेले, डोक्यावर तेल गळते, सगळे खरे. पण मी हातोडी मारून आवाज ऐकतो, हात लावून सैलपणा बघतो. चित्रात सैलपणा दिसतो का? आणि उद्या चित्रात न दिसलेली भेग फुटली तर सही कोणाची असणार, उस्तादची? यावर हॉलमध्ये कोणाकडे उत्तर असेल तर मला हवे आहे. माझे उत्तर एवढेच, की यंत्राच्या तपासणीवर माणसाने सही करायची असेल तर हाताने तपासण्याची वेळ आणि अधिकार त्याच्याकडे राहिलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट वेगाची. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत यंत्रमानव मांडण्याच उचलून कामगारांपुढे आणतात. कामगाराची मैलोन्‌मैल चाल वाचली. मग इजा कमी व्हायला हव्यात की नाही? रिव्हील नावाच्या शोधपत्रकारांच्या संस्थेने २०२० साली कंपनीच्याच नोंदी मिळवून पाहिल्या. यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर इजांचे प्रमाण इतर गोदामांपेक्षा निम्म्याहून अधिक पटीने जास्त, म्हणजे जिथे इतरत्र शंभर, तिथे दीडशेच्या वर. कंपनीने हा निष्कर्ष नाकारला. पण कारण समजण्यासारखे आहे. चाल वाचली तो वेळ कामगाराला मिळाला नाही. पूर्वी तासाला शंभर-एक वस्तू उचलायच्या, आता तीनशे-चारशे. चालताना जी कंबर सरळ व्हायची ती व्हायचे बंद झाले. पत्रे कमी होऊन पार्सले वाढलेल्या आपल्या टपाल खात्यातल्या बंधूंनी हे नीट लिहून घ्यावे. यंत्र आले की पहिल्या दिवशीच विचारायचे, तासाला किती, आणि मधे विश्रांती किती.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो विषय उद्या वकील साहेब घेणार आहेत. १९४८च्या फॅक्टरी कायद्याची जागा आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती, आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मागण्याचा हक्क, या गोष्टी तिच्यात आहेत. वर्कशॉपवाल्यांनी त्या वापराव्यात. पण एक खोच आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांना ही संहिता लागू नाही, असे तिच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. तेथे ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांना मात्र ती लागू आहे. आता सॉर्टिंग यंत्रांचा हॉल, जिथे पट्टे फिरतात, मोटारी चालतात, कागदाची धूळ उडते, तो कार्यालय की कारखाना? बाहेर पाटी टपाल कार्यालयाची, आत सगळा कारखाना. एकाच पट्ट्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी ठेक्यावरच्याला कायद्याचे संरक्षण आणि खात्याच्या कायम माणसाला नाही, असाही अर्थ कोणी काढू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी काम हा मूलभूत हक्क मानला, त्यात कार्यालयाला वगळलेले नाही. हा मुद्दा आपल्या मागणीपत्रात स्वतंत्र क्रमांकाने गेला पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठवली. एकच काम सांगतो. उद्याच्या सत्राला येताना प्रत्येकाने अर्ध्या कागदावर तीन गोष्टी लिहून आणा. आपल्या कामाच्या जागी आपोआप हलणारे एक यंत्र कोणते. ते अडकले तर हात कोण घालतो. आणि त्याची वीज तोडायची चावी किंवा हँडल त्या वेळी कोठे असतो, किती पावलांवर. पावले अंदाजाने लिहू नका, ज्यांना खात्री नाही त्यांनी आज रात्री घरी फोन करून ड्यूटीवरच्या माणसाला मोजायला सांगा. कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत.